उभ्याने काढलेल्या पाळीचा न दिसणारा हिशेब

दुपारी पाळी बदलण्याच्या सुमारास नगर-मनमाड रस्त्यावरील नागापूर औद्योगिक वसाहतीत थोडा वेळ थांबले, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. सकाळी गेटमधून आत गेलेला कामगार दुपारी बाहेर पडतो, तेव्हा त्याची चाल बदललेली असते. कोणी दुचाकीवर बसून आधी बुटाची नाडी सैल करतो, कोणी चहाच्या टपरीशेजारी टेकून पोटऱ्या दाबतो. ‘पाय भरून आलेत’ यापलीकडे तक्रार नसते. अर्ध्या-पाऊण तासाने घरी पोहोचेपर्यंत हा जडपणा बराचसा ओसरतो. म्हणूनच त्याची नोंद कोणी घेत नाही; कामगार नाही, कारखाना नाही आणि डॉक्टरही नाही.

मात्र पाय हलके वाटू लागले म्हणजे स्नायूंचा थकवा गेला, हे गृहीतक चुकीचे असल्याचे गेल्या काही वर्षांतील संशोधनाने दाखवून दिले आहे. दीर्घकाळ उभे राहून काम केल्यानंतर थकव्याची जाणीव आधी जाते आणि थकवा मागे राहतो. दुसऱ्या दिवशी त्याच पायांवर पुन्हा आठ तास उभे राहायचे असते. महिने आणि वर्षे हा क्रम चालू राहिला, की पाय, गुडघे, कंबर आणि रक्तवाहिन्या यांच्या दुखण्याच्या रूपाने त्याची वसुली होते. कामाचे तास वाढविण्याची चर्चा राज्यात होत असताना या न दिसणाऱ्या हिशेबाकडे पाहणे अगत्याचे ठरते.

२०२४ मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झालेला हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. त्याची ओळख साखरेचा जिल्हा अशी असली, तरी येथील कामगारवर्ग एकाच साच्यातला नाही. प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये झाला. त्यानंतर श्रीरामपूर, राहुरी, कोपरगाव, संगमनेर, नेवासे अशा तालुक्यांत धुराडी उभी राहिली. नगर शहरालगत ‘लुना’ मोपेडमुळे देशभर माहीत झालेली कायनेटिक इंजिनिअरिंग आली आणि नागापूरच्या वसाहतीत विद्युत उपकरणे, मोटारी व सुटे भाग बनविणारे लहान-मोठे कारखाने आले. अलीकडे पुणे रस्त्यावरील सुपे येथील वसाहतही विस्तारली. साखर कारखान्यातील पॅन असो, प्रेस शॉपमधील प्रेस असो की असेंब्लीची लाइन, बहुतेक ठिकाणी काम उभ्यानेच करावे लागते. तेही सिमेंटच्या कोबावर आणि सेफ्टी शूज घालून.

दर्शनरांग आणि पदयात्रा

उभे राहणे हे चालण्यापेक्षा सोपे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात परिस्थिती उलट आहे. याचे उदाहरण जिल्ह्यातच सापडते. शिर्डीला पायी येणारे पदयात्री दिवसभर चालतात, मुक्कामाला पोहोचल्यावर दमतात. पण चालत असताना दर दहा मिनिटांनी पाय बदलण्याची, भिंतीला टेकण्याची गरज त्यांना भासत नाही. तोच भाविक दर्शनरांगेत दोन तास जवळपास एका जागी उभा राहिला, की कधी या पायावर, कधी त्या पायावर भार टाकू लागतो. कठडा दिसला की टेकतो. अंतर तर काहीच कापलेले नसते, तरीही पाय बोलू लागतात.

याचे कारण पोटरीच्या रचनेत आहे. माणूस सरळ उभा असतो तेव्हा शरीराचा भार घोट्याच्या किंचित पुढे पडतो. शरीर पुढे कलंडू नये म्हणून पोटरीतील स्नायूंना सतत ताण धरून ठेवावा लागतो. हा ताण फार मोठा नसतो. पण त्याला खंड नसतो. चालताना हाच स्नायू प्रत्येक पावलाला आखडतो आणि सैल होतो. सैल झाला की त्यात ताजे रक्त शिरते, आखडला की वापरलेले रक्त वर ढकलले जाते. पोटरीला शरीराचे ‘दुसरे हृदय’ म्हणतात ते यामुळेच. एका जागी उभे राहणाऱ्याचे हे दुसरे हृदय जवळजवळ बंद असते.

याचा परिणाम मोजता येतो. स्तब्ध उभ्या असलेल्या प्रौढ माणसाच्या घोट्याजवळील नीलांमध्ये रक्ताचा दाब साधारण ८० ते ९० मिलिमीटर इतका असतो. तोच माणूस चालू लागला, की काही पावलांतच हा दाब २० ते ३० पर्यंत उतरतो. उभ्याने काम करणाऱ्याच्या पायात मात्र तो तासन्‌तास चढलेलाच राहतो. रक्तातील पाणी सूक्ष्म वाहिन्यांतून झिरपून आजूबाजूच्या ऊतींत साचते. सकाळी व्यवस्थित बसणारा बूट दुपारी आवळू लागतो, मोज्याचा काठ पायावर उमटतो, तो त्यामुळे.

थकवा दोन प्रकारचा

स्नायू थकतो म्हणजे नेमके काय होते, याविषयीच्या कल्पना गेल्या काही दशकांत बदलल्या आहेत. पूर्वी सारा दोष लॅक्टिक ॲसिडच्या माथी मारला जाई. हे आम्ल साचले की स्नायू दुखतो आणि विश्रांती घेतली की ते धुऊन जाते, अशी सरळ मांडणी होती. शाळा-महाविद्यालयांतून अनेकांनी ती वाचलेली असते. आता शास्त्रज्ञ स्नायूपेशींतील कॅल्शियमकडे अधिक लक्ष देतात. मेंदूकडून आलेला संदेश स्नायूपर्यंत पोहोचला, की पेशीच्या आतील साठ्यातून कॅल्शियम सुटते आणि त्यामुळे स्नायू आखडतो. दीर्घकाळ वापरलेल्या स्नायूत हे कॅल्शियम पुरेसे सुटत नाही. संदेश तोच, पण उत्तर क्षीण.

थकव्याचा एक प्रकार झटपट येतो आणि झटपट जातो. जिना धावत चढल्यावर मांड्या भरतात आणि काही मिनिटांत मोकळ्या होतात, तो हा प्रकार. दुसरा प्रकार सावकाश येतो आणि त्याहून सावकाश जातो. ब्रिटनमधील संशोधक एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये या दुसऱ्या प्रकाराचे वर्णन केले. यात स्नायू पूर्ण जोर लावून वापरला तर जवळपास पूर्वीसारखाच वाटतो. मात्र उभे राहणे, तोल सांभाळणे, जिना उतरणे अशा हलक्या, रोजच्या हालचालींसाठी येणाऱ्या सौम्य संदेशांना तो कमी प्रतिसाद देतो. ही उणीव भरून काढण्यासाठी मेंदू नकळत अधिक संदेश पाठवतो आणि काम चालू राहते. म्हणून माणसाला काही बिघडल्याचे जाणवत नाही. स्नायू पूर्ववत होण्यास मात्र कित्येक तास, कधी एक दिवसाहून अधिक काळ लागतो.

झुरिचच्या प्रयोगशाळेतील पाळी

उभ्याने काम करणाऱ्यांच्या बाबतीत हा दुसरा प्रकार खरोखर घडतो का, याची तपासणी स्वित्झर्लंडमधील झुरिचचे इटीएच हे तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठ येथील संशोधकांनी केली. मारिया गार्सिया, थॉमस लॉयब्ली आणि बर्नार्ड मार्टिन यांचा हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. १४ पुरुष आणि १२ स्त्रिया अशा २६ जणांना प्रयोगशाळेत कारखान्यासारखे पाच तास उभ्याने काम करण्यास सांगण्यात आले. त्यात तरुण होते आणि पन्नाशी ओलांडलेलेही होते. मधे पाच-पाच मिनिटे बसण्याची मुभा आणि अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टीही होती. थोडक्यात, अनेक कारखान्यांतील पाळीपेक्षा ही पाळी सौम्यच होती.

थकवा आहे की नाही, हे केवळ विचारून ठरविण्यात आले नाही. पायाच्या स्नायूला विजेचा सौम्य झटका देऊन तो किती जोराने आखडतो, हे मोजण्यात आले. कामानंतर सर्वांना अर्धा तास बसवून पुन्हा मोजणी झाली. तोपर्यंत पाय बरे वाटत असल्याचे लोक सांगत होते. स्नायूंची मोजणी मात्र वेगळेच सांगत होती; त्यांत थकवा शिल्लक होता. विशेष म्हणजे तरुण आणि वयस्क, स्त्री आणि पुरुष यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. ‘तरुण पोरे आहेत, त्यांना काय होतंय’ या कारखान्यांतील नेहमीच्या युक्तिवादाला त्यामुळे आधार उरत नाही.

हा अभ्यास मोजक्या लोकांवर आणि प्रयोगशाळेत झाला, ही त्याची मर्यादा आहे. एका दिवसाच्या थकव्यावरून वीस वर्षांनंतरच्या आजाराचे भाकीत करता येत नाही. मात्र ‘कामगार तक्रार करीत नाही, म्हणजे त्रास नाही’ हा निष्कर्ष किती कच्चा आहे, हे त्यातून स्पष्ट होते. ज्या थकव्याची जाणीवच होत नाही, त्याची तक्रार कोण करणार?

पायापासून हृदयापर्यंत

वर्षानुवर्षे उभ्याने काम करण्याचे परिणाम मोठ्या लोकसंख्येत तपासण्याचे प्रयत्नही झाले आहेत. डेन्मार्कमध्ये नोकरदारांची बारा वर्षे पाहणी करून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या स्त्रियांचे काम प्रामुख्याने उभे राहून किंवा चालत करावयाचे होते, त्यांच्यात व्हेरिकोज व्हेन्समुळे, म्हणजे पायांच्या शिरा फुगून वेड्यावाकड्या झाल्यामुळे, रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण इतर स्त्रियांच्या सुमारे १.८ पट आढळले. पुरुषांमध्येही कल तोच दिसला, जरी आकडेवारीच्या कसोटीवर तो तितका पक्का नव्हता.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात सात हजारांहून अधिक नोकरदारांची सुमारे बारा वर्षांची माहिती तपासण्यात आली. प्रामुख्याने उभ्याने काम करणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण प्रामुख्याने बसून काम करणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळले. असे अभ्यास केवळ संबंध दाखवितात, कारण सिद्ध करीत नाहीत. उभ्याने काम करणाऱ्यांची मिळकत, आहार, व्यसने यांचाही त्यात वाटा असू शकतो. तरीही पायात साचणारे रक्त आणि ते वर खेचण्यासाठी हृदयाला करावी लागणारी अधिकची धडपड पाहता हा संबंध दुर्लक्षिण्याजोगा नाही.

कामगारांना रोज भेडसावणारी दुखणी याहून साधी असतात. रात्री पोटरीत गोळे येणे, सकाळी पहिले पाऊल टाकताना टाच ठणकणे, कंबर धरणे, गुडघे दुखणे. औषधाच्या दुकानातून एखादी वेदनाशामक गोळी घेतली जाते, घरी तेल चोळले जाते आणि दुसऱ्या दिवशी पाळी भरली जाते. गोळीने वेदना दबते. स्नायूला हवी असलेली विश्रांती त्यातून मिळत नाही.

घरी गेल्यावर ओटा

या थकव्याची मोजदाद कारखान्याच्या गेटपाशी संपत नाही. आठ तासांच्या पाळीतून जेवणाची व चहाची सुट्टी वगळली, तर साधारण सात तास उभ्याने जातात. आठवड्याचे सहा दिवस धरले तर ४२ तास. त्यात गावाहून कारखान्यापर्यंतचा दुचाकीचा प्रवास आणि खचाखच भरलेल्या एसटीत उभ्याने काढलेला वेळ मिळवावा लागतो. असेंब्ली, पॅकिंग आणि वायंडिंगच्या कामावरील स्त्रियांची गोष्ट आणखी वेगळी. पाळीआधी डबे आणि पाळीनंतर रात्रीचा स्वयंपाक, दोन्ही ओट्यापाशी उभ्यानेच होतात. पुरुष कामगार घरी आल्यावर निदान खाटेवर टेकतो. स्त्रीच्या पायांना तेवढीही उसंत नसते. झुरिचच्या प्रयोगातील अर्ध्या तासाची विश्रांती तिच्या दिवसात शोधूनही सापडत नाही.

कंत्राटी कामगारांची अडचण निराळी आहे. आज या लाइनवर, उद्या त्या विभागात आणि सहा महिन्यांनी दुसऱ्याच कारखान्यात, अशी त्यांची स्थिती असते. दुखण्याची तक्रार केली तर उद्या बोलावणे येणार नाही, ही धास्ती असते. वर्षानुवर्षांच्या झिजेचा माग ठेवायचा तर माणूस एका ठिकाणी नोंदलेला असावा लागतो. येथे तोच विखुरलेला आहे.

अर्थात बसून काम करणे म्हणजे आराम, असेही नाही. नगर आणि संगमनेर परिसरातील विडी कामगार स्त्रिया मांडीवर सूप घेऊन, पाठ वाकवून दिवसभर बसतात. मान, पाठ आणि कंबर यांचे दुखणे त्यांच्या पाचवीला पुजलेले. म्हणजे दोष उभे राहण्यात किंवा बसण्यात नाही. एकाच स्थितीत जखडून राहण्यात आहे. शरीर हालचालीसाठी घडलेले आहे. त्याला खुर्ची हवी तशी ती सोडण्याची मुभाही हवी.

तीनशे वर्षांपूर्वीचे निदान

हे ज्ञान अगदी नवे आहे, असे मात्र नाही. व्यवसायजन्य आजारांच्या अभ्यासाचे जनक मानले जाणारे इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये विविध व्यवसायांतील आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात उभ्याने काम करणाऱ्या कारागिरांवर स्वतंत्र प्रकरण आहे. अशा कारागिरांच्या पायांच्या शिरा फुगतात, हे त्यांनी नोंदविले. थोडा वेळ उभे राहणेही चालण्यापेक्षा अधिक थकविते, या निरीक्षणाचे कारणही त्यांनी स्नायूंच्या अखंड ताणात शोधले. मधूनमधून बसावे, हालचाल करावी, हा त्यांचा सल्ला आजही बदललेला नाही.

महाराष्ट्रात विश्रांतीचा प्रश्न कामगार चळवळीच्या जन्माशीच जोडलेला आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगार पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबत. सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन सरकारी आयोगापुढे निवेदन सादर केले. त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. त्यातील मागण्यांत रविवारची सुट्टी होती आणि दुपारी अर्धा तास विश्रांतीही होती. साप्ताहिक सुट्टीसाठी १० जून १८९० पर्यंत झगडावे लागले. आज प्रत्येक कारखान्यात गृहीत धरली जाणारी जेवणाची सुट्टी ही कोणाची मेहेरबानी नव्हे, तर मिळविलेला हक्क आहे, याचे स्मरण यानिमित्ताने व्हावे.

कायद्यात स्टूल आहे, पण...

स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाने कायद्यातील कलम ४४ बसण्याच्या सोयीविषयी होते. ज्यांना उभ्याने काम करावे लागते, अशा सर्व कामगारांसाठी बसण्याची योग्य व्यवस्था प्रत्येक कारखान्याने करावी, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. एखादे काम बसूनही नीट होऊ शकते असे मुख्य कारखाना निरीक्षकांचे मत झाल्यास, तशी आसने पुरविण्याचा लेखी आदेश देण्याचा अधिकारही त्यांना होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने या कायद्याची जागा घेतली. उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याच्या व्यवस्थेची तरतूद नव्या संहितेतही कायम आहे.

दुकानांतील नोकरांना हा हक्क फार उशिरा मिळाला. केरळमध्ये कोझिकोड येथील कापड दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या स्त्रियांनी विजी पेनकूट्टू यांच्या नेतृत्वाखाली आवाज उठविला. त्यानंतर २०१८ मध्ये केरळने आणि २०२१ मध्ये तमिळनाडूने आपल्या दुकाने कायद्यांत दुरुस्ती करून ‘बसण्याचा हक्क’ मान्य केला. देशभर त्याची बातमी झाली. कारखाना कामगाराला हाच हक्क सत्तर वर्षे आधी मिळालेला होता, याची चर्चा मात्र झाली नाही.

असे का झाले असावे? उत्तर कलम ४४ च्या शब्दांतच आहे. काम चालू असताना विश्रांतीची ‘संधी मिळेल’ तेव्हा तिचा लाभ घेता यावा, यासाठी आसनाची सोय असावी, असे ते कलम म्हणत होते. आसन कायद्याने दिले. संधी मात्र कामाच्या गतीवर सोडली. पूर्वी एक जॉब उतरवून दुसरा चढवेपर्यंत, मशीन तापेपर्यंत, माल येईपर्यंत असे मोकळे क्षण मिळत. आता लाइनचा वेग ठरलेला असतो, दर काही सेकंदांनी पुढचा जॉब समोर येतो आणि संगणकावर त्याची मोजणी होते. संधीच निर्माण होत नसेल, तर भिंतीशी ठेवलेले स्टूल तपासणीच्या दिवशी दाखविण्यापुरतेच उरते. शिवाय कामाच्या वेळी बसलेला माणूस म्हणजे कामचुकार, ही समजूत सुपरवायझरपासून मालकापर्यंत आणि कधी कधी सहकाऱ्यांतही खोल रुजलेली आहे.

दुसरी अडचण नोंदीची. कारखान्यांतील कोणते आजार शासनास कळविणे बंधनकारक आहे, याची यादी कायद्याला जोडलेली असते. त्यात शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, आवाजामुळे येणारा बहिरेपणा अशा आजारांचा समावेश आहे. स्नायू आणि सांध्यांच्या झिजेचा नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मात्र व्यवसायजन्य आजारांच्या २०१० मधील सुधारित यादीत अशा विकारांना स्वतंत्र स्थान दिले आहे. जे कळवायचेच नाही, त्याची आकडेवारी जमत नाही आणि आकडेवारी नसली की प्रश्नच नाही असे मानले जाते.

प्रश्न तासांचा

या पार्श्वभूमीवर कामाच्या तासांचा मुद्दा कळीचा ठरतो. कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्याच्या आणि अतिरिक्त कामाची मर्यादा तीन महिन्यांत ११५ वरून १४४ तासांपर्यंत वाढविण्याच्या प्रस्तावास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. अतिरिक्त कामासाठी कामगाराची लेखी संमती आणि दुप्पट मोबदला, हे त्यातील आधार सांगितले गेले. गुंतवणूक आणि रोजगार वाढावा, ही त्यामागील भूमिका. दुसरीकडे, वाढीव तासांमुळे पिळवणूक होईल, असा कामगार संघटनांचा आक्षेप आहे.

या वादात स्नायूंची बाजू फारशी मांडली जात नाही. दुप्पट मोबदला वेळेचा मिळतो. पण थकवा वेळेच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. पाच तासांच्या सौम्य पाळीनंतर अर्ध्या तासात न भरून येणारी स्नायूंची उणीव बारा तासांनंतर किती असेल? आणि बारा तासांची पाळी, जाण्या-येण्याचा प्रवास आणि घरकाम वजा केले, तर ती भरून काढायला दिवसाचे किती तास उरतील? संमतीच्या कागदावर सही करणारा कामगार आपल्याला वाटणाऱ्या थकव्याचा अंदाज घेऊन सही करतो. हा अंदाजच अपुरा असतो, हे विज्ञान सांगते.

उपाय महाग नाहीत

समाधानाची बाब एवढीच, की यावरील उपाय फारसे खर्चिक नाहीत. पहिला उपाय कामात बदल. दर एक-दोन तासांनी कामगारांची जागा बदलली, उभ्याचे काम, बसून करावयाची तपासणी आणि मालाची ने-आण अशी फिरती पद्धत ठेवली, तर कोणत्याही एका स्नायूवर अखंड ताण येत नाही. सलग एक तासापेक्षा आणि दिवसात एकूण चार तासांपेक्षा अधिक काळ एका जागी उभे राहणे टाळावे, असे नेदरलँड्समधील मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्याकडील पाळीत हे लगेच साधणार नाही. पण कोणत्या दिशेने जायचे, हे त्यावरून कळते.

दुसरा उपाय जागेच्या रचनेत. कामाचे टेबल कोपराच्या उंचीशी जुळलेले असावे. बारीक कामासाठी ते कोपरापेक्षा सुमारे पाच सेंटिमीटर वर, हलक्या जुळणीसाठी पाच ते दहा सेंटिमीटर खाली आणि जोर लावावयाच्या कामासाठी वीस ते चाळीस सेंटिमीटर खाली असणे योग्य मानले जाते. उंच आणि ठेंगण्या कामगारांना एकाच उंचीच्या टेबलावर उभे केले, तर एकाची कंबर आणि दुसऱ्याचे खांदे भरतात. ठेंगण्या कामगारासाठी लाकडी पाट पुरतो. एक पाय आलटून पालटून ठेवण्यासाठी टेबलाखाली आडवा दांडा बसविला, तरी कंबरेवरचा ताण हलका होतो.

तिसरा उपाय टेकण्याचा. पूर्ण बसता येत नसेल, तेथे उंच, पुढे किंचित कललेल्या स्टुलावर टेकून काम करता येते. पायांखाली जाड रबरी मॅट टाकल्यास पायांची बेचैनी कमी होते, असे अनेक चाचण्यांत आढळले आहे. मात्र स्नायूंचा खोल थकवा त्याने कितपत कमी होतो, याबाबत निष्कर्ष एकसारखे नाहीत. म्हणजे मॅट ही विश्रांतीची जागा घेऊ शकत नाही.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा उपाय म्हणजे छोट्या, ठरलेल्या विश्रांती. एकदम मोठी सुट्टी देण्यापेक्षा तासागणिक काही मिनिटे बसण्याची सोय अधिक उपयोगी पडते. ती लाइनच्या वेगातच धरली, तर ‘संधी’ शोधत बसावे लागत नाही. कायद्यातील स्टुलाला खरा अर्थ तेव्हाच येईल. नव्या संहितेत ठराविक वर्गातील कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी विनामूल्य करण्याची तरतूद आहे. या तपासणीत रक्तदाब आणि डोळ्यांबरोबर पायांच्या शिरा, सूज, टाच आणि कंबर यांचीही विचारपूस झाली, तर आज कोठेच न होणारी नोंद सुरू होऊ शकेल. लोणी येथील प्रवरा वैद्यकीय संस्था आणि नगरजवळ विळद घाट येथील वैद्यकीय संकुल या दोन्ही ठिकाणी भौतिकोपचाराचे शिक्षण दिले जाते. औद्योगिक वसाहतींना या ज्ञानाचा लाभ घेणे अवघड नाही.

कामगारांनी काय करावे?

* उभे असताना दर काही मिनिटांनी टाचा वर-खाली कराव्यात, एका पायावरचा भार दुसऱ्यावर घ्यावा. पोटरीचा पंप त्यामुळे चालू राहतो.
* जेवणाच्या व चहाच्या सुट्टीत उभ्याने गप्पा न मारता बसावे. शक्य असल्यास पाय समोर उंचावर ठेवावेत.
* नवे बूट सायंकाळी, पायाला थोडी सूज असताना घ्यावेत. झिजलेले तळ वेळीच बदलावेत.
* पाणी कमी पिऊ नये. लघवीला जाण्याची सोय नाही म्हणून पाणी टाळणे हे वेगळ्या आजाराला निमंत्रण आहे.
* घरी आल्यावर पंधरा-वीस मिनिटे पाय उशीवर उंच ठेवून पडावे. स्वयंपाकातील निवडणे-चिरणे बसून करावे आणि घरातील इतरांनी ओट्याजवळची पाळी वाटून घ्यावी.
* फुगलेल्या शिरांसाठी आवळ मोजे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावेत.
* एकाच पायाला अचानक सूज येऊन तो गरम किंवा लाल झाला, पोटरी दुखू लागली किंवा घोट्याजवळ न भरणारी जखम झाली, तर घरगुती उपाय न करता तातडीने डॉक्टरांकडे जावे. मधुमेहींनी पायांच्या बधिरतेकडे दुर्लक्ष करू नये.

कारखान्यातील यंत्राला देखभालीसाठी ठरावीक तासांनंतर थांबविले जाते. ते कुरकुरण्याची वाट कोणी पाहत नाही. तेल, ग्रीस आणि तपासणीचे वेळापत्रक भिंतीवर लावलेले असते. त्या यंत्रासमोर उभा असलेला माणूस मात्र कुरकुरला तरच थकला, असे आपण मानत आलो आहोत. त्याचे पाय वेळेवर तक्रार करीत नाहीत, हे आता ठाऊक झाले आहे. तेव्हा त्यांच्या विश्रांतीचे वेळापत्रकही त्याच भिंतीवर लागायला हवे.